लाकडी कमानछत भूकंपात टिकेल का, हे कसं तपासावं
आयएस 1893 या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत पणजी भूकंप क्षेत्र 3 मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे. त्यामुळे गोव्यातल्या जुन्या चॅपेलचं लाकडी कमानछत बघताना नुसती वाळवी शोधून भागत नाही.

सुरुवात टोकांपासून करा. कमानीची लाकडं चिऱ्याच्या भिंतीत शिरतात तिथेच पावसाचं पाणी मुरतं. मधलं सागवान ठोकल्यावर खणखणीत वाजतं, आणि भिंतीतलं टोक मात्र कुजलेलं! टोच्या घालून बघा: सहज आत गेला आणि ओला भुसा घेऊन आला, तर ते टोक गेलं. ओलावा 20 टक्क्यांवर असेल तर बुरशीला मोकळं रान. मोजणी पावसाळा संपता संपता घ्या. एप्रिलमधलं कोरडं लाकूड फसवतं.

मग ओळंबा सोडा. कमान भिंतींना बाहेर रेटते. दोन भिंतींना बांधणारी आडवी तुळई कुणी अडचण म्हणून कापली असेल, तर भिंतीचा माथा बाहेर कललेला सापडेल. धक्क्यात दोन्ही भिंती वेगवेगळ्या हलतात, टोक टेकावरून निसटतं आणि छत कोसळतं. म्हणून प्रत्येक टोक भिंतीवर किती मिलिमीटर टेकलंय, ते लिहून ठेवा. भेगेवर तारीख घातलेली प्लास्टरची पट्टी लावा. पट्टी तडकली तर भेग अजून वाढतेय. वर काँक्रीट तर कधीच ओतू नका: वजन वाढलं की धक्क्याचा जोरही वाढतो.