ऑर्डर वाढली अन् गल्ला रिकामा

अमळनेरात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, विकते त्याला अकरा वर्षं झाली. पापड-कुरडयांच्या धंद्यात नव्यानं उतरणाऱ्या बाया विचारतात, "ताई, धंदा वाढवायचा कसा?" मी आधी वही काढायला लावते. विक्रीची नाही, उधारीची.

तिसऱ्या वर्षी पुण्याच्या एका दुकानदारानं एकदम तीन क्विंटल मागितले. 320 रुपये किलोनं 96 हजार! मी नणंदेला फोन करून मिरवलंसुद्धा. ज्वारी, तीळ, लसूण, बायांची मजुरी धरून किलोमागे 210, म्हणजे 63 हजार माझे गेले. त्याचे पैसे आले चार महिन्यांनी. बिबडे घालायचे ते उन्हाळ्यात, होळीपासून वैशाखापर्यंत. तोवर नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी ज्वारी भिजवायला हातात पैसाच उरला नाही. त्यात घाई. ओल्या फडक्यावर बायांनी जाड थापले, वरून कडक दिसले, मधे ओले राहिले. दोन डब्यांना बुरशी धरली. वहीत विक्री दुप्पट, आणि पुढच्या वर्षी एकोणीस जुनी घरं फिरकली नाहीत.

म्हणून मोठी ऑर्डर आली की आधी दोन आकडे मांडा: माझे किती अडकणार आणि किती दिवस. तेवढ्या दिवसांत ज्वारी कशातून भरणार ते सांगता येत नसेल, तर निम्मे आगाऊ मागा. नाही म्हणाला तर जाऊ द्या. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट होते. ती करून नंबर बिलावर छापा. 2006 च्या कायद्यानं सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. दुकानदाराला हे माल देण्याआधी सांगायचं, गोड आवाजात.

दिवाळीनंतर जुन्या गिऱ्हाइकांची यादी काढा. यंदा जे आले नाहीत त्यांना फोन. तक्रार ऐकताना मधे बोलू नका. (मला अजून जमत नाही.)

नवा पदार्थ काढायचा तो जुन्याच्या नफ्यातून, कर्जातून नाही. आमच्या गावात 1945 साली निघालेली विप्रो वनस्पती तूप नि साबण विकायची. पुढे संगणकात उतरली, तरी साबण सोडला नाही. मी नागलीचे पापड पहिल्या वर्षी पाचच किलो केले. तीन किलो उरले. पावसाळाभर खिचडीबरोबर आम्हीच तळून खाल्ले.