नव्या गाडीत बिघाड : जॉब कार्डावर काय लिहून घ्यायचे

शोरूममधून आणलेल्या गाडीत दोन महिन्यांत खडखड सुरू झाली, सर्व्हिस सेंटरला तीन फेऱ्या झाल्या आणि दर वेळी 'काही प्रॉब्लेम दिसत नाही' हेच ऐकायला मिळाले, तर तिन्ही जॉब कार्डे (गाडी आत घेताना तक्रार आणि काम नोंदवून दिलेला कागद) काढून वाचा. बहुतेक वेळा त्यांवर 'जनरल चेकअप' किंवा 'नॉइज' एवढेच लिहिलेले सापडते. म्हणजे कागदोपत्री गाडीत दोष नाहीच. वॉरंटीचा दावा, कंपनीकडची तक्रार आणि ग्राहक आयोगात जायची वेळ आलीच तर तिथला पुरावा, हे सगळे त्या कार्डावरच्या तक्रारीच्या ओळीवर उभे असते. म्हणून सुरुवात त्या ओळीपासून करायची.

सर्व्हिस ॲडव्हायझर तुमची तक्रार संगणकात भरतो तेव्हा त्याच्यापुढे ठरावीक पर्यायांची यादी असते आणि त्यातला जवळचा पर्याय तो निवडतो. 'माझे शब्द जसेच्या तसे टाका' असे स्पष्ट सांगा आणि सही करण्याआधी ती ओळ वाचा. 'गाडी आवाज करते' ही तक्रार निरुपयोगी आहे. 'रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केल्यावर 10 ते 15 सेकंद इंजिनातून टकटक, नंतर बंद. आठवड्यातून 3-4 वेळा' ही तक्रार कामाची आहे. 'तिसऱ्या गिअरमध्ये 40 ते 50 च्या वेगात एसी चालू असताना हिसके बसतात, एसी बंद केला की थांबतात' यातून मेकॅनिकला कुठून शोधायचे याची दिशाच मिळते. वेग, गिअर, इंजिन गार की गरम, एसी चालू की बंद, रस्ता कसा, गाडीत माणसे किती, या सहा गोष्टी चार-पाच दिवस टिपून ठेवल्या की निम्मे निदान तिथेच होते. आवाजाचा व्हिडिओ घ्या. तो शेजारी बसलेल्या माणसाने घ्यावा, गाडी चालवणाऱ्याने नव्हे.

गार इंजिनाची तक्रार असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी नेऊन रात्रभर तिथेच ठेवा. इंजिनातली टायमिंग चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरमधले तेल रात्रभरात खाली उतरते आणि सकाळी दाब तयार होईपर्यंत चेन वाजते. सकाळी अकराला तुम्ही गाडी चालवत नेलीत तर इंजिन तापलेले असते आणि तो आवाज कोणालाच ऐकू येत नाही. 'नो फॉल्ट फाउंड' असे शेरे पडण्याचे हे सर्वांत साधे कारण आहे.

तक्रार करण्याआधी काही गोष्टी स्वतः तपासून घेतल्या तर सर्व्हिस सेंटरमध्ये तुमच्या शब्दाला वजन येते. टायरमधली हवा, टायर गार असताना, ड्रायव्हरच्या दारालगतच्या स्टिकरवर दिलेल्या आकड्याइतकी आहे का ते पाहा. डिलिव्हरीच्या वेळी बऱ्याच गाड्यांत हवा जास्त भरलेली असते आणि 'सस्पेन्शन कडक आहे' ही तक्रार तिथेच मिटते. काही आवाज बिघाडाचे नसतात. गाडी बंद केल्यावर रेडिएटरचा पंखा काही वेळ फिरणे, पावसात रात्रभर उभ्या गाडीचे ब्रेक सकाळी पहिल्या दोन-चार वेळा घासल्यासारखे वाजणे (डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो, तो ब्रेक मारल्यावर निघून जातो), निघाल्यावर पहिल्या काही मीटरांत एबीएसच्या (ब्रेक मारताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) स्वतःच्या चाचणीचा 'खट्' असा आवाज, डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनाची आयडलवरची (गाडी उभी, इंजिन चालू असतानाची) बारीक टिकटिक, हे सगळे चालायचेच. खात्री होत नसेल तर त्याच मॉडेलची दुसरी गाडी, शोरूमची टेस्ट ड्राइव्हची असली तरी चालेल, त्याच रस्त्यावर चालवून पाहा. ॲडव्हायझर 'हे या मॉडेलचे कॅरेक्टरिस्टिक आहे' म्हणाला, तर हीच तुलना त्याला सोबत घेऊन करा आणि तिचा निष्कर्ष जॉब कार्डावर लिहून घ्या.

डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर बॅटरीची तार काढून लावू नका आणि बाहेरच्या गॅरेजमध्ये तो दिवा घालवून घेऊ नका. पुष्कळ गाड्यांत त्याबरोबर फॉल्ट कोड (गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोषाचे क्रमांक) पुसले जातात आणि 'फ्रीझ फ्रेम'ही जाते. फ्रीझ फ्रेम म्हणजे दोष आला त्या क्षणी वेग, आरपीएम, इंजिनाचे तापमान किती होते याची नोंद. सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावतील तेव्हा कोड पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो किंवा प्रिंट मागा. पी0300 हा कोड दिसला तर मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणे) कुठल्या एका सिलिंडरपुरता नाही. पी0301 ते पी0304 मधला शेवटचा आकडा सिलिंडरचा क्रमांक सांगतो. पुढच्या फेरीला तोच आकडा पुन्हा आला तर दोष तसाच राहिला, हे वादाशिवाय सिद्ध होते. स्वतःचे ब्लूटूथ ओबीडी उपकरण (मोबाइलवर फॉल्ट कोड दाखवणारे) लावलेले असेल तर नेण्याआधी काढून ठेवा, नाहीतर दोष त्याच्यावर ढकलला जातो. बाहेरून बसवलेले हॉर्न, दिवे, म्युझिक सिस्टिम यांच्यासाठी मूळ वायरिंग कापलेले असेल तर विजेच्या दोषांवरची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. कपलर (तारा जोडणारे तयार सॉकेट) वापरून, तार न कापता बसवलेली ॲक्सेसरी त्या मानाने सुरक्षित.

टेस्ट ड्राइव्हचा आग्रह धराच. ॲडव्हायझरबरोबर नव्हे, गाडीवर प्रत्यक्ष काम करणारा टेक्निशियन किंवा फ्लोअर सुपरवायझर शेजारी बसला पाहिजे. दोष दाखवून झाला की 'टेस्ट ड्राइव्हमध्ये तक्रार आढळली' हे शब्द कार्डावर यायला हवेत. किलोमीटर रीडिंग, गाडी आत घेतल्याची तारीख-वेळ आणि इंधनाची पातळी बरोबर लिहिली आहे ना, तेही पाहा.

आता नव्या गाड्यांत वारंवार दिसणारे काही दोष, आणि त्यांत निदान कुठे चुकते ते.

गाडी एका बाजूला ओढते म्हटले की सर्व्हिस सेंटर आधी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करते. ठीक आहे, पण आधीचे आणि नंतरचे अशा दोन्ही आकड्यांचे प्रिंट घ्या. आपले रस्ते पाणी वाहून जावे म्हणून डावीकडे उतरते असतात, त्यामुळे स्टिअरिंग सोडल्यावर गाडी हळूहळू डावीकडे सरकणे स्वाभाविक आहे. तपासणी सपाट रस्त्यावरच करा. अलाइनमेंटचे आकडे मर्यादेत असूनही ओढ कायम असेल तर पुढचे दोन टायर आपसांत बदलायला सांगा (टायर ठरावीक एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलेले नसतील तरच). ओढ उलट्या बाजूला गेली तर दोष टायरचा. तशीच राहिली तर सस्पेन्शन, स्टिअरिंग किंवा अडकलेला ब्रेक कॅलिपर (डिस्कवर ब्रेक दाबणारा भाग). दहा-पंधरा किलोमीटर चालवून चारही चाकांच्या रिमजवळ हात नेला तर अडकलेल्या ब्रेकचे चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागते. हात लावू नका, फक्त जवळ न्या. 80 ते 100 च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरत असेल तर चाकांचे बॅलन्सिंग पाहायचे. फक्त ब्रेक मारताना थरथरत असेल तर डिस्क. या दोन तक्रारी एकत्र करून 'व्हायब्रेशन' लिहिले की हमखास चुकीचे काम होते. टायर आणि बॅटरीची वॉरंटी त्या-त्या उत्पादकाची असते, पण नव्या गाडीत तक्रार डीलरमार्फतच नोंदवा, म्हणजे ती गाडीच्या नोंदीत राहते.

पायाशी पाणी साचते ही पावसाळ्यातली नेहमीची डोकेदुखी. फक्त एसी चालवल्यावर साचत असेल तर एसीची ड्रेन पाइप तुंबलेली किंवा निसटलेली. पावसात किंवा गाडी धुतल्यावर साचत असेल तर काचेचे सील, दाराच्या आतला प्लास्टिकचा पडदा, किंवा सनरूफच्या कोपऱ्यांतल्या ड्रेन नळ्या. पाणी रंगीत आणि गोडसर वासाचे असेल तर तो कूलंट आहे आणि हीटर कोअर (गाडीतल्या हीटरचा छोटा रेडिएटर) गळतो आहे. अशी गाडी चालवत राहू नका. गळती बंद केली म्हणजे काम संपले असे नाही. कार्पेटखालचा फोम आठवडा-आठवडा ओला राहतो आणि तिथूनच जाणाऱ्या वायरिंगच्या जोडांना गंज धरतो. कार्पेट उचलून वाळवल्याचे फोटो मागा.

1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 निकषांमुळे डिझेल गाड्यांच्या सायलेन्सर मार्गात डीपीएफ हा काजळी पकडणारा फिल्टर आला. चार-पाच किलोमीटरच्या शहरी फेऱ्यांत तो पुरेसा तापत नाही आणि काजळी जळत नाही. डीपीएफचा दिवा लागला की मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे गाडी हायवेवर साधारण 15-20 मिनिटे एकसारखी चालवली की काजळी जळून बहुधा काम होते. काजळी जाळण्याची ही प्रक्रिया पुन:पुन्हा अर्धवट तुटली तर जादा सोडलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर पातळी कमाल खुणेच्या वर दिसली तर तेल बदलल्याशिवाय गाडी पळवू नका. डीलर 'तुमच्या चालवण्याच्या पद्धतीमुळे' म्हणून हात वर करतो तेव्हा स्कॅनर लावून सर्व्हिस सेंटरमध्ये केलेल्या सक्तीच्या सफाईआधीचे आणि नंतरचे काजळीचे स्कॅनरवरचे आकडे लिहून घ्या. नियमित हायवेवर चालवूनही काही शे किलोमीटरांत फिल्टर पुन्हा भरत असेल तर मूळ बिघाड प्रेशर सेन्सर, इंजेक्टर, ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा टर्बोमध्ये असतो. नुसता फिल्टर साफ करून तो जाणार नाही.

'इंधनात भेसळ आहे, वॉरंटीत बसत नाही' हे वाक्य ऐकले तर लगेच पैसे भरायला तयार होऊ नका. तुमच्यासमोर टाकीतून नमुना काढायला लावा, दोन स्वच्छ बाटल्यांत भरून सील करा, दोघांच्या सह्या-तारीख घाला आणि एक बाटली स्वतःकडे ठेवा. ती घरात किंवा उन्हात मात्र ठेवू नका. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये पाणी शिरले तर ते इथेनॉलसह वेगळे होऊन तळाशी बसते, काचेच्या बाटलीत दोन थर डोळ्यांना दिसतात. पंपाच्या पावत्या जपून ठेवण्याचा उपयोग इथे होतो.

तेल कमी होते अशी तक्रार असेल तर मोजून बघण्याशिवाय इलाज नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये पातळी कमाल खुणेपर्यंत भरून, ड्रेन बोल्ट, फिल्टर आणि डिपस्टिकवर रंगाची खूण करून, किलोमीटर लिहून 1000 किलोमीटर चालवायची आणि त्याच सपाट जागी, तितक्याच गार इंजिनावर पुन्हा मोजायचे. मान्य मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

दुरुस्तीनंतर गाडी ताब्यात घेताना घाई नको. आधी त्याच रस्त्यावर टेस्ट ड्राइव्ह, मग सही. समाधान झाल्याचा छापील कागद पुढे येतो. दोष गेला नसेल तर त्यावर 'तक्रार कायम, गाडी गरजेपोटी नेत आहे' असे लिहून सही करा आणि फोटो काढा. वॉरंटीत बदललेला जुना भाग सहसा कंपनीकडे परत जातो, त्यामुळे तो मिळत नाही, पण त्याचा आणि त्यावरच्या क्रमांकाचा फोटो घेता येतो. पैसे देऊन बदललेला भाग मात्र मागून घ्या. 'सॉफ्टवेअर अपडेट केले' असे सांगितले तर आधीची आणि नंतरची आवृत्ती बिलावर हवी. मोठ्या दुरुस्तीत इंजिनाचा ब्लॉक बदलला तर इंजिन क्रमांक बदलतो. डीलरचे पत्र घेऊन आरटीओत आरसीवर नोंद करून घ्या आणि विमा कंपनीला कळवा, नाहीतर पुढे अपघाताच्या दाव्यात किंवा गाडी विकताना अडकाल.

तोच दोष तिसऱ्यांदा आला की तोंडी बोलणे थांबवायचे. वर्क्स मॅनेजरला आणि गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक विभागाला एकच ईमेल पाठवा. त्यात चॅसिस क्रमांक, खरेदीची तारीख, तिन्ही जॉब कार्डांचे क्रमांक-तारखा-किलोमीटर, प्रत्येक वेळी काय बदलले आणि किती दिवस गाडी आत होती. मागण्या नेमक्या ठेवा : कंपनीच्या एरिया सर्व्हिस मॅनेजरने गाडी स्वतः तपासावी, निदान लेखी द्यावे, भाग यायला उशीर असेल तर पर्यायी गाडी द्यावी. उत्तरासाठी 15 दिवसांची मुदत द्या. कंपनीच्या वेबसाइटवर चॅसिस क्रमांक टाकून रिकॉलही (दोष आढळल्याने कंपनीने गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावणे) तपासा. रिकॉलमधले काम मोफत होते.

त्यानेही हालचाल झाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. अपेक्षा मात्र खरी ठेवा. आपल्याकडे अमेरिकेतल्यासारखा वेगळा 'लेमन लॉ' (वारंवार बिघडणारी नवी गाडी बदलून किंवा पैसे परत मिळवून देणारा कायदा) नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये क्लचच्या एका प्रकरणात वॉरंटीची अट दोषी भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची आहे, त्यामुळे सरसकट नवी गाडी मिळत नाही, असे सांगितले. अख्खी गाडी किंवा किंमत परत हवी तर दोष मूळ बनावटीतलाच आहे हे दाखवावे लागते, आणि त्यासाठी त्रयस्थ तज्ज्ञाचा अहवाल लागतो. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 38 नुसार आयोग वस्तूची चाचणी करून घेऊ शकतो. तसा अर्ज तक्रारीबरोबरच द्या. डीलर आणि उत्पादक कंपनी या दोघांना प्रतिवादी करा, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग चालतो, आणि तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. फी 5 लाखांपर्यंत नाही, 10 लाखांपर्यंत 200 रुपये, 20 लाखांपर्यंत 400 आणि 50 लाखांपर्यंत 1000 रुपये. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. 'पुढच्या सर्व्हिसला बघू' अशा आश्वासनांत ती सरते, म्हणून पहिल्या जॉब कार्डाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि तिथून दीड वर्ष होण्याआधी वकिलाला भेटा.