वस्तऱ्याची धार टिकवायची तर पट्टा नीट मारा

दाढी झाली की वस्तरा नुसता नळाखाली धरून ठेवून देऊ नका, आपल्या नाशिकला पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की कार्बन स्टीलचं पातं रात्रीतून लालसर होतं, माझं झालंय. आधी टिश्यूने पुसा, मग मऊ कपड्याने, आणि मुठीकडे बिजागरीत पाणी राहतं तिथे खास लक्ष द्या. दोनचार दिवस वापरणार नसाल तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरे. खोबरेल नको, थंडीत गोठून बसतं.

पट्टा मारायचा, म्हणजे वस्तरा कॅनव्हास आणि चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचा, तो पुढच्या दाढीच्या आधी. आधी कॅनव्हासवर दहापंधरा वेळा, मग चामड्यावर तीसचाळीस. पात्याची पाठ पुढे आणि धार मागे, म्हणजे धार चामड्यात घुसायला नको, आणि टोकाला पोचलात की पाठीवरच पलटायचं, धारेवर पलटलात की धार गेलीच आणि पट्ट्यालाही चीर पडते (माझ्या पहिल्या पट्ट्यावर अशा तीन आहेत). पाठ आणि धार दोन्ही पट्ट्याला टेकलेल्या हव्यात. पट्टा ताणून धरा, ढिला राहिला की धार गोल होते. जोर लावायचा नाही, वस्तऱ्याचं वजन पुरतं. सलूनवाल्यांसारखा सपासप हात मारायचा मोह होतो, पण सुरुवातीला हळूच.

एवढं करूनही केस ओढले जायला लागले तर क्रोमियम ऑक्साइडच्या पेस्टवर (पट्ट्याला लावायचं बारीक पॉलिश) दहाएक हात मारून बघा, धार लावायचा दगड त्यानंतर.