सोबतचा छोटा डोंगा निवडताना आणि ठेवताना या चुका टाळा

वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाच्या फुगवट्यावर मासोळी गोळा करण्यासाठी किंवा पाहुण्यांना जलाशय दाखवण्यासाठी ज्यांनी छताची, इंजिनावर चालणारी मोठी नाव घेतली आहे, त्यांना पहिल्याच उन्हाळ्यात कळते की ही नाव काठाला लागत नाही. दिवाळीच्या सुमारास जिथे ती धुऱ्याला खेटून उभी राहत होती, तिथे मे महिन्यात शे-दोनशे पावले नुसता गाळ असतो आणि त्यात बुडीत क्षेत्रातल्या जुन्या झाडांची खुंटे वर आलेली असतात. म्हणून सोबत एक छोटा डोंगा लागतो. इंग्रजीत अशा नावेला डिंगी म्हणतात आणि तो शब्द त्या भाषेने आपल्याकडच्या बंगाली-हिंदीतूनच उचललेला आहे. मात्र हा डोंगा निवडताना आपण ज्या पुस्तिका आणि चित्रफिती पाहतो त्या समुद्रकाठच्या, थंड हवेच्या प्रदेशातल्या असतात, आणि बहुतेक चुकांचे मूळ तिथे आहे. आपल्याकडे डोंगा पाण्यात असताना सहसा बिघडत नाही. तो बिघडतो काठावर, कोठ्यात आणि टिनाखाली.

त्यामुळे पहिली आणि सर्वांत महाग चूक म्हणजे डोंगा ठेवायचा कुठे हे न ठरवता तो विकत घेणे. दुकानात आपण किती माणसे बसतात एवढेच विचारतो. खरे तर घरून निघताना दोन मापे कागदावर लिहून न्यावीत. मोठ्या नावेच्या पुढच्या भागात मोकळी जागा किती लांब आहे हे एक, आणि चिखलातून दोन माणसे न थांबता किती वजन ओढू शकतात हे दुसरे. दुसरे माप घरीच काढता येते. धानाचे भरलेले पोते दोघांनी उचलून बांधीतून शंभर पावले न्यावे. दम न लागता जेवढे नेता येईल तेच आपले वजन समजावे. पुढची जागा सहा फूट आणि डोंगा आठ फूट असेल, तर तो आडवा ठेवावा लागतो किंवा नाव चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उभा येतो, आणि मग पाण्याखालचे खुंट दिसायचे राहून जाते. बसणाऱ्यांची संख्या मोजताना ओले जाळे, बर्फाची पेटी आणि पेट्रोलचा डबा यांचे वजनही माणसांतच धरावे, कारण डोंग्यावर छापलेला आकडा शांत पाण्यासाठी असतो, एप्रिलमधल्या अवकाळी वावटळीसाठी नसतो.

हवेचा, फायबरचा की लाकडाचा?

हवा भरून वापरायचा डोंगा हलका असतो, घडी होतो आणि कडेला वाकून जाळे ओढताना सहज कलंडत नाही. पण आपल्या पाण्याचा काठ त्याला मानवत नाही. बाभळीचा काटा, बेशरमाची तुटलेली काडी, शिंगाळ्यासारख्या मासोळीच्या पंखातला टोकदार काटा आणि माजी मालगुजारी म्हणजे मामा तलावांच्या काठी पडलेली शिंगाड्याची वाळलेली, दोन शिंगांची फळे, यांपैकी काहीही डोंग्याच्या हवा भरलेल्या नळीला छिद्र पाडू शकते. तरीही घ्यायचाच असेल तर कापड पीव्हीसीचे आहे की हायपालॉन या कृत्रिम रबराचे, हे आधी विचारावे. पीव्हीसी स्वस्त असते, पण कडक उन्हात लवकर चिकट किंवा कडक होते. हायपालॉन महाग असले तरी ऊन बरेच जास्त सोसते. पीव्हीसीच घ्यायचे ठरले तर जोड गोंदाने चिकटवलेला नसून उष्णतेने वितळवून जोडलेला असावा. गोंदाचे जोड आपल्या दोन-तीन उन्हाळ्यांत सुटू लागतात, हे मी स्वतःच्या पैशाने शिकलो आहे.

फायबरचा डोंगा जड पडतो, पण चिखलात ओढला तरी फाटत नाही आणि गावातही दुरुस्त होतो. त्यात फसवणारा भाग म्हणजे मागची फळी. इंजिन बसते त्या ठिकाणी फायबरच्या आत बहुधा प्लायवूड असते. विकत घेताना एक रुपयाच्या नाण्याने ती फळी वरपासून खालपर्यंत ठोकून पाहावी. टणटणीत आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला तर आतले लाकूड कुजले आहे असे समजावे. ही कुज अनेकदा मालकाच्याच हातून सुरू होते: दिवा किंवा कडी बसवण्यासाठी तो स्क्रू मारतो आणि छिद्राला सीलंट लावत नाही, मग पाणी तिथूनच आत मुरते. नवी फळी बसवायची झाल्यास प्लायवूडवर आयएस ७१० हा शिक्का पाहून घ्यावा, कारण मरीन प्लायवूडचे मानक ते आहे. आयएस ३०३ चा वॉटरप्रूफ म्हणून विकला जाणारा माल स्वयंपाकघरातल्या कपाटासाठी चांगला, डोंग्यासाठी नव्हे.

लाकडी डोंग्याबद्दल मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या जाणत्या माणसांना विचारावे. त्यांच्यापुढे मी काय सांगणार? एवढेच म्हणेन की तो कोरडा ठेवणे ही चूक आहे. उन्हात फळ्या आकसतात आणि फटी पडतात, म्हणून उन्हाळ्यात न वापरलेला डोंगा दगड भरून उथळ पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीत शहाणपणाची आहे.

टिनाखालचा उन्हाळा

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आमच्या हवेच्या डोंग्याची आम्ही पावसाळा संपताच नीट घडी केली, त्याच्याच पिशवीत भरली आणि गोठ्यामागच्या टिनाच्या खोलीत तणसावर ठेवून दिली. जूनमध्ये उघडला तेव्हा घडीच्या प्रत्येक कोपऱ्यात उंदरांनी बोटभर रुंदीची भोके पाडली होती आणि तळाचा एक जोड केळीच्या सालीसारखा हाताने सुटून आला. उंदीर आला तो तणसातल्या दाण्यांसाठी, डोंग्यासाठी नव्हे. पण तो आला हे आमच्यामुळेच. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे सहज जातो आणि टिनाखालची बंद खोली त्याहूनही तापते, त्यामुळे गोंद मऊ पडून सुटतो. मातीच्या भिंतींच्या, कवेलूच्या घरातली सावलीकडची खोली याहून कितीतरी चांगली. तिथे डोंगा गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, टाल्कम पावडर शिंपडून सैल गुंडाळावा आणि जमिनीला किंवा धान्याला न टेकेल असा दोराने आढ्याला टांगावा.

हवा भरून उन्हात सोडणे ही तितकीच मोठी चूक आहे आणि तिचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. समजा सकाळी २७ अंश तापमानाला नळीत ०.२५ बार, म्हणजे सुमारे साडेतीन पीएसआय, दाब भरला आणि दुपारी नळी ५७ अंशांपर्यंत तापली. आतल्या हवेचा एकूण दाब तेव्हा १० टक्क्यांनी वाढतो. हे थोडेसे वाटते, पण ही वाढ वातावरणाचा १ बार दाब धरून मोजलेली असते. १.२५ चे १.३७५ झाले म्हणजे मापकावर ०.२५ च्या जागी ०.३७५ दिसते आणि शिवणीवरचा ताण दीडपट होतो. म्हणून काठावर ठेवताना हवा थोडी सोडावी. उलट, पाण्यात उतरवल्यावर तीच हवा थंड होऊन डोंगा सैल पडतो; तेव्हा छिद्र शोधत बसू नये, आधी पंप मारावा. गळती आहे की नाही हे पाहायचे तर पहाटे हवा भरून दुसऱ्या पहाटेच दाब मोजावा आणि साबणाचे पाणी सर्वांत आधी व्हॉल्व्हवर टाकावे.

ठिगळाच्या बाबतीत सायकलच्या दुकानातले पंक्चर सोल्युशन वापरण्याचा मोह होतो. ते रबरासाठी असते आणि पीव्हीसीवर चार दिवस धरून पाचव्या दिवशी निघते. पीव्हीसीसाठी दोन भाग मिसळून वापरायचा पॉलियुरेथेन गोंद लागतो, आणि तो श्रावणातल्या दमट हवेत नीट धरत नाही. दुरुस्ती नोव्हेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या महिन्यांत उरकावी.

फायबरचा डोंगा पावसाळ्यात सरळ ठेवून पाणी काढण्याच्या छिद्राला बूच लावलेले राहिले, तर काय होते? तीन चौरस मीटरच्या डोंग्यात १०० मिलिमीटर पावसाने ३०० लिटर, म्हणजे ३०० किलो पाणी साचते. पूर्व विदर्भात असा पाऊस एका रात्रीत पडल्याचे आपण पाहिलेले आहे. डोंगा दोन लाकडी वाशांवर पालथा घालावा, वाशांखाली विटा द्याव्यात म्हणजे वाळवी चढताना दिसते, आणि ताडपत्री थेट अंगावर न टाकता मधून वारा खेळेल एवढी उंच बांधावी. सावलीसाठी आंबा चांगला; मोहाखाली मात्र ठेवू नये, कारण फुले पडू लागली की सारा डोंगा चिकट होतो आणि पहाटे फुले वेचायला येणाऱ्यांची वाटही अडते.

शेवटी दोराविषयी. डोंगा मोठ्या नावेमागे ओढताना इंजिन आणि सामान त्यात ठेवू नये, कारण रिकामा डोंगा उलटला तर सरळ करता येतो, भरलेला येत नाही. नायलॉनचा दोर पाण्यात बुडतो आणि नाव मागे घेताना सैल पडून इंजिनाच्या पंख्यात गुंडाळतो; पॉलिप्रॉपिलीनचा दोर तरंगतो, पण उन्हाने कुजतो. आम्ही तरंगणारा दोर वापरतो, दरवर्षी होळीच्या आधी बदलतो आणि जुना गाईगुरांना बांधायला देतो.