वाचनाची डिजिटल वही: दोन तक्ते आणि रोजचं अर्धं मिनिट

माझ्या पहिल्या वाचन-तक्त्यात एकोणीस रकाने होते. लेखक, प्रकाशन, आवृत्ती, प्रकार, पुस्तक कुणी सुचवलं, मुखपृष्ठाचं चित्र, पाचपैकी किती तारे, इतकंच काय, वाचताना माझी मनःस्थिती कशी होती हेसुद्धा. तो तक्ता तीन आठवडे टिकला. वाचन चालू होतं, पण नोंदी करणं हेच एक वेगळं काम होऊन बसलं.

दुसऱ्या खेपेला मी उलट बाजूनं सुरुवात केली. या वहीला मला विचारायचं काय आहे? तीन प्रश्न निघाले. सध्या काय काय अर्धवट पडलंय? मी खरोखर किती दिवस वाचते? आणि ‘ते कुठेतरी वाचलं होतं’ म्हणते, ते नेमकं कुठे? या तिघांच्या उत्तराला जे लागत नाही ते काढून टाकलं. उरलं ते खाली आहे. मी नोशन हे नोंदी आणि तक्ते ठेवण्याचं अॅप वापरते, त्यामुळे बटणांची नावं तिथली आहेत. एअरटेबल या तशाच दुसऱ्या अॅपमध्ये हीच रचना जवळपास तशीच उभी राहते. साध्या स्प्रेडशीटमध्येही जमते, फक्त तक्ते जोडणारी सूत्रं तिथे हातानं लिहावी लागतात.

१. पुस्तकांचा तक्ता

नव्या पानावर टेबल व्ह्यूचा, म्हणजे तक्त्याच्या रूपात दिसणारा, एक डेटाबेस घ्या आणि त्याला ‘पुस्तकं’ असं नाव द्या. पाच रकाने पुरेत: नाव, लेखक, अवस्था, एकूण पानं आणि स्वरूप (छापील, ई-बुक, ऑडिओ).

लेखकासाठी साधा मजकुराचा रकाना घेऊ नका, मल्टी-सिलेक्ट घ्या. आपल्याकडे एकच लेखक एकदा आद्याक्षरांनी, एकदा पूर्ण नावानं आणि एकदा ऱ्हस्व-दीर्घ बदलून लिहिला जातो, आणि मग शोधताना तीन माणसं निघतात. मल्टी-सिलेक्टमध्ये आधी लिहिलेलं नाव यादीत दिसतं, ते निवडायचं. अनुवादित पुस्तक असेल तर अनुवादकाचं नावही त्याच रकान्यात येऊ द्या.

‘एकूण पानं’ म्हणजे पुस्तकाच्या शेवटच्या पानाचा आकडा नव्हे. सूची, संदर्भ आणि परिशिष्टं तुम्ही वाचणार नसाल, तर मूळ मजकूर जिथे संपतो तो आकडा लिहा. ई-बुकची पानं अक्षरांचा आकार बदलला की बदलतात, आणि ऑडिओला तर पानंच नसतात. या दोन्हींसाठी एकूण पानं सरळ १०० लिहा आणि पुढे प्रगती टक्क्यांत नोंदवा. हिशोब आपोआप जुळतो.

अवस्थेसाठी स्टेटस हा प्रकार वापरा आणि पर्याय चारच ठेवा: वाचायचं, वाचतेय, संपलं, सोडलं. नोशन या पर्यायांची तीन गटांत विभागणी करतं. ‘सोडलं’ हा पर्याय ‘कम्प्लीट’ गटात टाका, कारण त्या पुस्तकाचं काम झालेलं असतं.

या चौघांतला सगळ्यात कामाचा पर्याय ‘सोडलं’ हाच, आणि लोक नेमका तोच ठेवत नाहीत. तो नसला की कंटाळवाणी पुस्तकं महिनोन्‌महिने ‘वाचतेय’मध्ये पडून राहतात आणि यादी उघडली की अपराधी वाटतं. सोडताना पुस्तकाच्या पानावर एक ओळ लिहा, का सोडलं त्याची. ‘भाषा जड’, ‘हे सगळं आधी माहीत होतं’, ‘आत्ता नको, पुन्हा बघेन’. अशा वीसेक ओळी साठल्या की आपली आवड आपण सांगतो त्यापेक्षा वेगळी असल्याचं कळतं. मला तरी कळलं: विषय आवडीचा म्हणून मी घ्यायचे आणि लेखनाच्या पद्धतीमुळे सोडायचे.

२. नोंदींचा तक्ता

बहुतेक तयार टेम्प्लेट इथेच कमी पडतात. त्यांत पुस्तकाच्या ओळीतच ‘सध्याचं पान’ असा रकाना असतो आणि तुम्ही तो रोज बदलत राहता. आज १४० लिहिलं की कालचं ११२ पुसलं गेलं. पुस्तक कुठवर आलं हे समजतं, पण सवय दिसत नाही, कारण सवयीचा पुरावा तुम्ही रोज स्वतःच्या हातानं खोडत असता.

म्हणून दुसरा डेटाबेस, नाव ‘नोंदी’. रोजच्या बैठकीची एक ओळ. रकाने तीन: दिनांक, पुस्तक, कुठवर. ‘पुस्तक’ हा रिलेशन प्रकारचा रकाना करा, तो ‘पुस्तकं’ तक्त्याला जोडा आणि जोडताना दोन्ही बाजूंनी दिसण्याचा पर्याय चालू करा. ‘कुठवर’मध्ये थांबलात ते पान किंवा टक्के. शीर्षकाचा रकाना नोशन काढू देत नाही. तो रिकामा राहिला तरी बिघडत नाही. मी त्यात वाटलं तर चार शब्द लिहिते.

दिनांकासाठी ‘क्रिएटेड टाइम’ हा आपोआप भरणारा रकाना वापरायचा मोह होईल. टाळा. रात्री वाचून सकाळी नोंद केलीत की तारीख चुकते आणि ती दुरुस्तही करता येत नाही. त्याऐवजी साधा ‘डेट’ प्रकार घ्या आणि कॅलेंडर व्ह्यूमध्ये त्या दिवसाच्या चौकटीतूनच नवी नोंद करा, म्हणजे तारीख आपोआप पडते. मग पुस्तक निवडायचं, आकडा टाकायचा, झालं. फोनच्या पहिल्या पडद्यावर या पानाचं विजेट ठेवलं तर अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त लागत नाही. जास्त लागत असेल तर एखादा रकाना कमी करा.

किती मिनिटं वाचलं याचा रकाना मीही काही दिवस ठेवला होता. घड्याळ लावून वाचायला लागल्यावर मी दर थोड्या वेळानं घड्याळच वाचत होते. काढला.

३. दोन्ही तक्त्यांची गाठ

आता परत ‘पुस्तकं’मध्ये या. तीन रोलअप रकाने (जोडलेल्या तक्त्यातली माहिती गोळा करून दाखवणारे) करा आणि तिन्हींसाठी रिलेशन ‘नोंदी’चंच निवडा. पहिल्यात ‘कुठवर’ घेऊन हिशोबात ‘मॅक्स’ निवडा, हे झालं सध्याचं पान. दुसऱ्यात ‘दिनांक’ आणि ‘अर्लिएस्ट डेट’, म्हणजे पुस्तक सुरू केल्याचा दिवस. तिसऱ्यात पुन्हा ‘दिनांक’ आणि ‘लेटेस्ट डेट’, म्हणजे शेवटचं वाचन. सुरू केल्याची आणि संपवल्याची तारीख यापुढे हातानं लिहायची नाही.

मग एक फॉर्म्युला रकाना घ्या. त्यात सध्याच्या पानाचं नाव निवडा, भागाकाराची तिरकी रेघ द्या, एकूण पानांचं नाव निवडा. उत्तर टक्क्यांत आणि पट्टीच्या रूपात दाखवायला सांगा. एकूण पानं लिहायची राहिली असतील तर पट्टी अर्थहीन दिसेल, तेवढं पाहा.

या रचनेत एक खोच आहे. तेच पुस्तक दुसऱ्यांदा वाचायला घेतलंत तर ‘मॅक्स’ जुन्या वाचनातलं शेवटचं पानच दाखवत राहतं. पुनर्वाचनासाठी त्या पुस्तकाची नवी ओळ करा आणि नावापुढे वर्ष टाका.

४. तीन खिडक्या

व्ह्यू, म्हणजे एकाच तक्त्याकडे वेगवेगळ्या रूपांत बघायच्या खिडक्या, हवे तितके करता येतात, आणि त्यात एक अख्खी सुट्टी निघून जाते. मला तीनच लागतात.

पहिली खिडकी, ‘पुस्तकं’वर: अवस्था ‘वाचतेय’ असा फिल्टर, आणि शेवटचं वाचन सगळ्यात जुनं ते वर अशी क्रमवारी. सर्वांत दुर्लक्षित पुस्तक पहिलं दिसतं. त्याचं काय करायचं ते ठरवा: आज उघडायचं की ‘सोडलं’ म्हणायचं. दुसरी, ‘नोंदी’चं कॅलेंडर. रिकाम्या चौकटी बोलतात. माझ्या बाबतीत रिकामे दिवस विखुरलेले नव्हते, एक पुस्तक संपलं की सलग पाच-सहा पडायचे. वाचनाची सवय मोडत नव्हती, पुढचं पुस्तक ठरलेलं नसायचं. म्हणून तिसरी खिडकी: ‘वाचायचं’मधली फक्त तीन पुस्तकं. त्यासाठी ‘पुढचं’ नावाचा एक चेकबॉक्स घाला आणि त्यावर फिल्टर लावा.

वर्षाला इतकी पुस्तकं असा आकडा मी ठेवत नाही. ठेवला होता तेव्हा जाडजूड पुस्तकं मागे ढकलली गेली आणि डिसेंबरात बारीक पुस्तकांचा सपाटा सुरू झाला. मोजायचंच असेल तर महिन्यातले वाचलेले दिवस मोजा.

५. टिपणं

नोशनमधली प्रत्येक ओळ हे स्वतंत्र पान असतं. टिपणं तिथेच लिहा, पान क्रमांकासह आणि स्वतःच्या शब्दांत. उतारा जसाच्या तसा घेतलात तर अवतरणचिन्हं विसरू नका, नाहीतर वर्षभरानं ते वाक्य आपलंच वाटायला लागतं. किंडलवर खुणा करत असाल तर त्या यंत्राच्या ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरमध्ये ‘माय क्लिपिंग्ज’ नावाची साधी मजकुराची फाइल असते. तीत सगळ्या पुस्तकांच्या खुणा काळाच्या क्रमानं एकत्र येतात आणि पुसलेल्या खुणाही राहतात, त्यामुळे निवडून चिकटवा.

६. जुनी यादी आणायची असेल तर

गुडरीड्स या वाचन नोंदवण्याच्या संकेतस्थळावरून पुस्तकांची यादी सीएसव्ही फाइलमध्ये (तक्त्याची साध्या मजकुरातली फाइल) उतरवता येते. ती एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडलीत तर देवनागरी नावांच्या जागी बहुधा अगम्य चिन्हं दिसतात. गूगल शीट्समध्ये उघडा, किंवा एक्सेलमध्ये डेटा आयात करताना यूटीएफ-८ ही अक्षरांची सांकेतिक पद्धत निवडा. तिथेच नको ते रकाने काढा, उरलेल्यांची नावं तुमच्या तक्त्यासारखीच करा आणि मग नोशनमध्ये आणा. जुन्या वाचनाच्या रोजच्या नोंदी मात्र आठवून भरू नका.

७. प्रत काढणं

दर दोन-तीन महिन्यांनी ‘एक्स्पोर्ट’मधून मार्कडाउन (साध्या खुणांनी मांडलेला मजकूर) आणि सीएसव्ही निवडा. तक्ते सीएसव्हीत येतात, टिपणं वेगळ्या फाइलींत. चित्रंही हवी असतील तर मजकुरासाठी ‘एव्हरीथिंग’ निवडावं लागतं. हीच सीएसव्ही पुन्हा आत घेतली तर रिलेशनचे दुवे परत येत नाहीत, पुस्तकाचं नाव नुसत्या मजकुरासारखं येतं आणि जोडणी नव्यानं करावी लागते. म्हणून दोन पुस्तकांची नावं सारखी असतील तर ती आत्ताच थोडी वेगळी करून ठेवा.