जॉइन की सबक्वेरी? उधारीचा रिपोर्ट काढताना या चुका टाळा

नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या एका संत्र्याच्या अडत्याले मी डेटाबेसवर एसक्यूएल क्वेरी लिहून उधारीचा रिपोर्ट बनवून दिला होता. एका गिऱ्हाइकाची तीन बिलं, १०, २० अन् ३० हजारांची, म्हणजे झाले ६० हजार, त्यानं दोनदा पैसे भरले, २५ अन् १५ हजार. बाकी २० हजार पाहिजे ना, रिपोर्ट म्हणे शून्य! गिऱ्हाईक खुश, अडत्याचं डोकं गरम.

मी गिऱ्हाईक, बिल अन् जमा असे तिन्ही टेबल सरळ जॉइन केले होते, म्हणजे त्यांच्या ओळी गिऱ्हाइकावरून एकमेकींना जोडल्या होत्या, आता तीन बिलं गुणिले दोन जमा म्हणजे सहा ओळी, प्रत्येक बिल दोनदा मोजलं गेलं अन् प्रत्येक जमा तीनदा, दोन्हीकडे बेरीज १ लाख २० हजार. एरर वगैरे काही नाही. इथं बरेच जण सममधे (बेरजेत) डिस्टिंक्ट, म्हणजे सारखी रक्कम एकदाच मोज, असं टाकून मोकळे होतात, तसं नका करू बावा, दोन बिलं सारख्या रकमेची निघाली की एक गायब. बिलांची बेरीज एका सबक्वेरीत (क्वेरीच्या आतल्या क्वेरीत) गिऱ्हाइकानुसार ग्रुप बाय करून घ्या, जमेची दुसरीत, मग दोन्ही गिऱ्हाइकाला लेफ्ट जॉइन करा, म्हणजे जमा नसलेलं गिऱ्हाईकही रिपोर्टात राहते. ज्यानं काहीच भरलं नाही त्याच्यासाठी कोअलेस लावा, तो नलच्या (रिकाम्या किमतीच्या) जागी शून्य धरतो, नाहीतर ६० हजार वजा नल म्हणजे बाकीच नल.

दुसऱ्या टेबलातलं काही दाखवायचंच नाही, फक्त बिल आहे का एवढंच पाहायचं, तर जॉइन कायले? एक्झिस्ट्स लावा. उलटं शोधायचं असेल तर नॉट एक्झिस्ट्स, कारण नॉट इनच्या (यादीत नसलेले शोधायच्या) सबक्वेरीत एक जरी नल आला की रिझल्ट रिकामा येतो.

सगळ्यात भीती मला याची वाटते: आतल्या टेबलात नसलेला पण बाहेरच्या टेबलात असलेला कॉलम सबक्वेरीत चुकून लिहिला, तर डेटाबेस गुपचूप बाहेरचाच धरतो, इनची अट जवळपास प्रत्येक ओळीला खरी होते, आणि वर डिलीट असलं तर टेबल साफ. म्हणून प्रत्येक कॉलमच्या पुढं एलियस, म्हणजे टेबलाचं छोटं नाव, लिहा, कंटाळा आला तरी.

सबक्वेरी स्लोच असते, हे मायएसक्यूएल या डेटाबेसमधे २०१३ साली ५.६ येईपर्यंत इनच्या बाबतीत बरंचसं खरं होतं, त्यात सेमीजॉइन, म्हणजे जुळणारी ओळ आहे का एवढंच पाहणारं जॉइन, आलं. आता एक्स्प्लेन (क्वेरी कशी चालणार ते दाखवते) चालवून पाहा, डिपेंडंट सबक्वेरी (बाहेरच्या ओळीवर अवलंबून असलेली) दिसली अन् आतल्या कॉलमवर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) नसला तर आधी इंडेक्स टाका, क्वेरी मग बदला.