चार्टर की डिस्ट्रिक्टची शाळा? फिनिक्सला येताय, तर या चुका टाळा

भारतातून किंवा दुसऱ्या राज्यातून ॲरिझोनातल्या फिनिक्स भागात आलेली मराठी कुटुंबं मला शाळेबद्दल विचारतात, तेव्हा प्रश्न ठरलेला असतो : ‘अमुक चार्टरला नंबर लागेल का?’ शाळा आधीच ठरलेली असते, तीही रँकिंगच्या यादीवरून. घरापासून पाच मिनिटांवरच्या डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे त्या भागाच्या सरकारी शाळा-मंडळाच्या, शाळेत मात्र कुणी पाऊलही टाकलेलं नसतं. याचा मला मनापासून त्रास होतो, कारण चुकीच्या निवडीचं ओझं शेवटी मुलावर पडतं.

आधी एक गैरसमज दूर करू. चार्टर म्हणजे प्रायव्हेट शाळा नव्हे. पैसा सरकारी, फी शून्य; फक्त चालवणारी संस्था डिस्ट्रिक्टबाहेरची असते आणि ती ठरावीक मुदतीच्या करारावर चालवते. असा पहिला कायदा मिनेसोटाने १९९१ मध्ये केला, ॲरिझोनाने १९९४ मध्ये. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की लॉटरी निघते. त्यामुळे ‘डोनेशन किती?’ हा प्रश्नच गैरलागू आहे. काही शाळा पालकांकडे वर्गणी मागतात, पण ती ऐच्छिक असते, प्रवेशाशी तिचा संबंध नसतो. प्रवेशासाठी मुलाला क्लास लावण्याचीही गरज नाही. पाचवीतल्या पोराचे शनिवार-रविवार त्यात घालवू नका.

पहिली चूक, रँकिंग बघून शाळा ठरवणं. सगळ्यात जास्त नुकसान याने होतं. हायस्कूलच्या गाजलेल्या राष्ट्रीय याद्यांमध्ये बारावीच्या मुलांनी एपी (कॉलेजच्या पातळीच्या) परीक्षा किती दिल्या आणि त्यात किती पास झाली, याला मोठं वजन असतं. आता एखाद्या शाळेत सहावीला मुलं भरपूर आहेत, अभ्यास झेपला नाही म्हणून दर वर्षी काही बाहेर पडली आणि त्यांच्या जागी वरच्या वर्गांत नवी फारशी आली नाहीत, असं समजा. बारावीला उरतात ती टिकलेली मुलं. यादीत दिसतो तो त्यांचा निकाल. मधे गळलेल्यांचा कुठेच दिसत नाही. तुमचं मूल त्या टिकणाऱ्यांतलं असेल की गळणाऱ्यांतलं, हे यादी कशी सांगणार?

मी स्वतः आधी पटसंख्या बघते. राज्याच्या शिक्षण खात्याच्या साइटवर प्रत्येक शाळेची इयत्तावार पटसंख्या मिळते. सहावी, नववी, बारावी असे तीन आकडे कागदावर लिहायचे. सहावीच्या मानाने बारावीचा वर्ग फारच लहान असेल, तर शाळेच्या टूरमध्ये सरळ विचारायचं : ‘बाकीची मुलं कुठे गेली?’ उत्तर देताना समोरचा माणूस अडखळतो का, तेही बघायचं. काही चार्टर खरोखर उत्तम आहेत, हेही मी तितक्याच ठामपणे सांगते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो या शिक्षण-संशोधन केंद्राच्या २०२३ च्या अभ्यासात चार्टरची मुलं डिस्ट्रिक्टच्या शाळांतल्या तशाच मुलांपेक्षा वर्षाला सरासरी वाचनात १६ आणि गणितात ६ दिवसांच्या शिकण्याइतकी पुढे दिसली. पण ही देशाची सरासरी झाली. त्याच अभ्यासात ऑनलाइन चार्टरची मुलं बरीच मागे होती. ‘चार्टर’ या पाटीवरून काहीच ठरत नाही. ती एक शाळा बघावी लागते.

ने-आण गृहीत धरणं. ॲरिझोनात चार्टरवर बस चालवायचं बंधन नाही. आमच्या ओळखीचं नाशिकचं एक जोडपं आहे. त्यांच्या मुलाला लांबच्या चार्टरमध्ये जागा मिळाली, पेढे वाटले. घरात गाडी एक, नवऱ्याचं ऑफिस टेंपीला, आणि तिला वर्क परमिट मिळून नुकतीच नोकरी लागलेली. इथे शाळा जुलैअखेर-ऑगस्टमध्येच सुरू होते. चाळीस अंशांवरच्या उन्हात पिकअपची रांग शाळेला वळसा घालून रस्त्यावर यायची, आणि त्या रांगेत एसी लावून ती लॅपटॉपवर मीटिंग करायची. कारपूल जमवलं, दोन आठवड्यांत मोडलं. दिवाळीच्या सुमारास तिने नोकरी सोडली. पुढे मुलगाच म्हणाला, मला घराजवळच्या शाळेत जायचंय. डिस्ट्रिक्टच्या शाळेने घराचा करार, लाइट बिल, जन्मदाखला आणि लसीकरणाचा कागद बघून त्याला त्याच आठवड्यात वर्गात बसवलं. तिथे वरच्या पातळीचं गणितही होतं आणि ऑर्केस्ट्राही. आधी जाऊन विचारलं असतं तर हे सगळं पहिल्याच दिवशी कळलं असतं. तिची नोकरी मात्र परत मिळाली नाही.

म्हणून अर्जाआधी शाळेच्या दिवशी, नेमक्या ड्रॉपच्या वेळी एकदा गाडी चालवून बघा. रविवारी रात्री गूगल मॅप्स जे दाखवतं, त्यावर विसंबू नका. आठवड्यातून एक दिवस शाळा लवकर सुटते का, हेही विचारा; बऱ्याच ठिकाणी सुटते.

आयईपीबद्दल (विशेष मदत लागणाऱ्या मुलासाठी शाळा करते त्या लेखी योजनेबद्दल) गप्प राहणं. मुलाला स्पीच थेरपी किंवा इतर मदत लागत असेल, तर ‘आधी प्रवेश होऊ दे, मग सांगू’ असं करू नका. अशा मुलांच्या शिक्षणाचा केंद्राचा कायदा चार्टरलाही लागू आहे. ‘आमच्याकडे ती सोय नाही, दुसरीकडे बघा’ असं तोंडी सांगणाऱ्या शाळेकडून तेच ईमेलवर मागा. सूर बहुतेक वेळा बदलतो.

‘झोनची (घराच्या पत्त्यावरून ठरलेली) शाळा नको, म्हणून चार्टर.’ मधला पर्यायही आहे. ॲरिझोनात ओपन एन्रोलमेंट आहे. जागा असेल तर डिस्ट्रिक्टच्या दुसऱ्या शाळेत, अगदी शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्येही अर्ज करता येतो.

शिक्षकांबद्दल न विचारणं. इथे चार्टरच्या शिक्षकाला राज्याचं सर्टिफिकेट सक्तीचं नाही. या वर्गाला कोण शिकवतं आणि किती वर्षं टिकलंय, ते विचाराच.

वेटलिस्टच्या फोनवर धावणं. शाळा सुरू झाल्यावरही जागा निघतात आणि उत्तराला मुदत थोडीच असते. मूल रमलं असेल, मित्र झाले असतील, तर ऑक्टोबरमध्ये आलेल्या फोनला मी ‘नको’ म्हणायला सांगते. वर्ष पूर्ण होऊ द्या, पुढच्या अर्जांच्या वेळी पुन्हा बघा, आणि त्या वेळी मुलालाही टूरला सोबत न्या.